न दिसणारा भाडेकरू

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्यानें प्रथम उच्चारली त्याच्या नव्या घरास घरपट्टीची नोटीस आलेली नसावी. नाहीं तर ह्या दोन गोष्टींत त्यानें तिसरीची भर खास घातली असती.

गेल्या महिन्यांत आमच्या चिरंजीवांनीं आपल्या नव्या घरांत पाऊल ठेवलें, आणि पाठोपाठ मालमत्ताकराच्या आकारणीची विशेष नोटीस त्यांच्या हातीं पडली. तींतील आकडा पाहून त्यांनीं आम्हांस जो प्रश्न विचारला तोच २००७ सालीं आम्हीं आमच्या आप्पांस विचारला होता : “आतां ह्यावर इलाज काय?” इलाज आहे, परंतु तो ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ सुशिक्षित माणसें एक तर मुकाट्यानें भलताच कर भरीत राहतात, किंवा चार लोकांत बसून महानगरपालिकेच्या नांवानें बोटें मोडतात. ह्या दोहोंनींहि आकारणी एका पैशानें कमी होत नाहीं. म्हणून आमची त्या सालची हकीकत येथें सांगत आहों. तींत आमची थोडी फजिती आहे. तीहि वाचकांपासून लपवून ठेवीत नाहीं.

त्या वर्षीं गणेशचतुर्थीच्या सुमारास आमच्या घरास भोगवटापत्र मिळालें. सौभाग्यवतीच्या पाटल्या, आमच्या भविष्यनिर्वाह निधींतून काढलेली रक्कम आणि बँकेचें कर्ज अशा तीन खांबांवर तें घर उभें होतें. दसऱ्यास राहावयास जावयाचें ठरलें होतें. मध्यंतरीं रंगाऱ्यांचें काम चाललें होतें. अशांत एके दिवशीं कर-आकारणी खात्याची चिठ्ठी आली कीं, अमुक तारखेस निरीक्षक मोजमापासाठीं येतील, मालकानें हजर राहावें. त्या दिवशीं कचेरींत आमची निकड होती. आणि ‘भिंती काय पळून जाणार आहेत?’ असा विनोद करून आम्ही घराकडे फिरकलोंच नाहीं. भिंती पळाल्या नाहींत हें खरें. पण फाटकावर आमच्या कंत्राटदाराची ठळक अक्षरांची पाटी लोंबत होती, रस्त्याकडच्या खोलींत त्याचें टेबल, सिमेंटच्या गोण्या आणि रंगाचे डबे होते, आणि दार उघडावयास एका रंगाऱ्यावांचून दुसरें कोणी नव्हतें.

आम्ही नव्या घरीं राहावयास आलों आणि थोड्याच दिवसांत नोटीस आली. तींत लिहिलें होतें तें असें : रस्त्याकडची १६० चौरस फुटांची खोली ‘बिगरनिवासी’, मोटार ठेवण्याची १५० चौरस फुटांची उघडी पडवी ‘निवासी खोली’, आणि कर लागूं १ एप्रिलपासून, म्हणजे घरावर छप्परसुद्धां नव्हतें त्या दिवसापासून. वार्षिक करपात्र मूल्य ३३,९१२ रुपये, आणि त्यावरील सारे कर मिळून वर्षाचे सुमारें १३,५६५ रुपये. कर्जाचा हप्ता देऊन महिनाअखेर आमच्यापाशीं जें उरत असे त्याच्या मानानें हा आकडा लहान नव्हता. शिवाय हा भुर्दंड एका वर्षाचा नव्हे. आकारणीच्या वहींत एकदां आकडा बसला कीं तोच वर्षानुवर्षें पुढें चालतो. त्यास कोणी हरकत घेतली नाहीं तर तो खराच होता असें समजलें जातें.

आमचे चुलते आप्पा हे दिवाणी न्यायालयांतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनीं नोटीस दोनदां वाचली, चष्मा काढला आणि विचारलें, “ही तुझ्या हातांत कोणत्या तारखेस पडली?”

“झाले असतील आठ-नऊ दिवस.”

“आठ कीं नऊ? पाकीट कोठें आहे?”

पाकीट आम्हीं रागाच्या भरांत फाडून टाकलें होतें. आप्पा म्हणाले, “अरे, नोटिशींत पंधरा दिवसांची मुदत दिलेली आहे. ती नोटीस पोंचल्या दिवसापासून चालते. तुझा राग शांत झाल्या दिवसापासून नव्हे.”

त्या आठ-नऊ दिवसांत आम्ही काय करीत होतों? शेजाऱ्यांचा सल्ला घेत होतों. एका गृहस्थांनीं ‘चहापाण्यानें’ काम होईल असें सुचविलें होतें. दुसऱ्यांनीं ‘कर भरूंच नका, आपोआप शुद्धीवर येतील’ असा उपदेश केला होता. आप्पांनीं दोन्ही सल्ले एका वाक्यांत निकालांत काढले : “पहिल्या मार्गानें बदललेला आकडा पुढचा माणूस पुन्हा बदलील, तेव्हां तुला तोंड उघडावयास जागा राहणार नाहीं, आणि दुसऱ्या मार्गानें चूक तशीच राहून वर थकबाकी तेवढी चढेल.”

मग त्यांनीं आम्हांस हा आकडा निघतो कसा तें समजावून दिलें. १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, ज्यास आतां महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात, त्यांत करपात्र मूल्य भाड्यावरून काढण्याची रीत सांगितली आहे. हें घर वर्षाच्या करारानें भाड्यानें दिलें तर वाजवीपणें जें वार्षिक भाडें येईल अशी अपेक्षा करतां येते, त्यांतून दुरुस्ती वगैरेंबद्दल दहावा हिस्सा वजा करावयाचा. बाकी राहील तें करपात्र मूल्य. घरांत प्रत्यक्ष भाडेकरू असो वा नसो, कायदा एक कल्पित भाडेकरू आणून बसवितो. हा गृहस्थ मूळचा इकडचा नव्हे. इंग्लंडांत गरिबांच्या पोषणासाठीं घेतल्या जाणाऱ्या कराची आकारणी सर्वत्र सारखी व्हावी म्हणून १८३६ सालीं जो कायदा झाला त्यांत तो दिसतो. १८८८ च्या मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यांतून तो आपल्याकडे आला. आणि १९४९ च्या कायद्यानें त्याचा मुक्काम इतर शहरांतहि कायम केला.

आमच्या सौभाग्यवती दाराशीं उभ्या राहून हें ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे आपण राहावयास येण्याआधींच आपल्या घरांत कोणी भाडेकरू येऊन राहिला आहे म्हणा कीं! मग त्यानें पुढच्या खोलींत दुकान थाटलें आहे काय, तेवढें तरी जाऊन विचारा.”

“सूनबाई, नेमकें बोललीस,” आप्पा म्हणाले. “तक्रार एवढीच करावयाची. ‘कर फार आहे’ असें लिहिणारे शेंकडों असतात, आणि त्यांस उत्तरहि एकच मिळतें. माप चुकलें कीं वापर चुकला, दर चुकला कीं तारीख चुकली, हें जो बोट ठेवून दाखवितो त्याचेंच ऐकावें लागतें.”

त्या चार शब्दांची यादी आम्हीं तेथेंच नोटिशीच्या पाठीवर लिहिली : माप, वापर, दर, तारीख. आमच्या मतें ह्या प्रकरणांतील सारा उपयुक्त कायदा एवढ्यांत आला.

हिशेब असा होता. महानगरपालिका भागाभागाप्रमाणें दर चौरस फुटास मासिक भाड्याचा दर ठरविते. आमच्या भागांत निवासी जागेस २ रुपये, बिगरनिवासी जागेस ६ रुपये आणि वाहनाच्या पडवीस १ रुपया असा दर होता. हिशेब सोपा व्हावा म्हणून वरचे पैसे येथें सोडून दिले आहेत. नोटिशीप्रमाणें निवासी जागा १,०९० फूट, तिचे २,१८० रुपये. बिगरनिवासी १६० फूट, तिचे ९६०. मिळून महिन्याचे ३,१४० आणि वर्षाचे ३७,६८० रुपये. त्यांतून दहावा हिस्सा ३,७६८ वजा जातां राहिले ३३,९१२. एका पाटीमुळें पुढच्या खोलीचें मासिक भाडें ३२० चें ९६० झालें होतें! दरांत चूक नव्हती. माप, वापर आणि तारीख ह्या तिन्हींत होती.

पुढच्या रविवारीं आम्हीं स्वतः मोजमाप काढावयास घेतलें. मंजूर नकाशा जवळ होता. परंतु नकाशा आणि भिंत ह्यांचा मेळ डोळ्यांनीं पाहिलेला बरा, असें आप्पांचें म्हणणें. टेपेचें दुसरें टोंक धरावयास चिरंजीव होते. ते तेव्हां पांचवींत होते. खालचा मजला ६२० फूट भरला, वरचा ४८० फूट. पडवी १५०, ती निराळी लिहिली. एवढें झाल्यावर आम्हीं टेप गुंडाळली. तोंच चिरंजीव म्हणाले, “बाबा, गच्चीवरची खोली राहिली कीं!”

गच्चीवर ९० चौरस फुटांची एक खोली आहे. ती नकाशांत होती, भोगवटापत्रांतहि होती. पण निरीक्षक त्या दिवशीं वर गेलेच नसावेत, कारण नोटिशींत तिचा उल्लेख नव्हता. आम्हीं म्हटलें, “ती नोटिशींत नाहीं. ती मोजावयाची नाहीं.”

“मग ती आपल्या घराची नाहीं?”

ह्या प्रश्नास आम्हीं उत्तर दिलें नाहीं, आणि मुलास खेळावयास पिटाळलें. रात्रीं मात्र हिशेब करून पाहिला. त्या खोलीनें करपात्र मूल्य १,९४४ रुपयांनीं आणि वर्षाचा कर सुमारें ७७८ रुपयांनीं वाढणार होता. आमचें मन म्हणत होतें कीं, तक्रार आमच्यावर झालेल्या अन्यायाची आहे; त्यांच्या नजरेंतून सुटलेली खोली त्यांस दाखवून देणें हें आमचें काम नव्हे. वकिली युक्तिवाद म्हणून तो वाईट नव्हता. पण सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, तुम्ही उद्यां लिहिणार कीं त्यांनीं घर नीट मोजलें नाहीं. मग आपण तरी पुरतें मोजावयास नको का? आणि तो पुन्हा विचारील तेव्हां त्याला मीं काय सांगावें?”

आप्पांचें मत त्याच निर्णयाचें, पण कारण वेगळें. ते म्हणाले, “आकारणीची वही वर्षाच्या मध्येंहि दुरुस्त करण्याचा आयुक्तांस अधिकार आहे. तुझ्या तक्रारीवरून फेरमोजणी झाली तर ती खोली सांपडणारच. ती तुझ्या कागदांत असलेली बरी कीं त्यांच्या?” एकीचें कारण घरांतलें, दुसऱ्यांचें व्यवहारांतलें. आम्हांपाशीं तिसरें कांहीं शिल्लक राहिलें नाहीं.

तेराव्या दिवशीं आम्हीं तक्रार दाखल केली. ती एका पानाची होती आणि तींत पांच कलमें होतीं : पुढच्या खोलीचा वापर, पडवीचें वर्णन, कर लागूं होण्याची तारीख, पडवीवर कर मुळींच नसावा ही विनंति, आणि पांचवें, गच्चीवरची खोली आकारणींत धरलेली नाहीं ती धरावी. सोबत भोगवटापत्राची व मंजूर नकाशाची प्रत, घरगुती दराचें वीजबिल, पुढच्या खोलीचें छायाचित्र आणि मोजमापाचा तक्ता जोडला. आमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्यावांचून खिडकी सोडावयाची नाहीं, ही आप्पांची ताकीद होती, ती पाळली.

सुनावणीच्या दिवशीं अधिकारी म्हणून एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनीं कागद चाळून पहिलाच प्रश्न केला, “मोजणीच्या दिवशीं आपण हजर कां नव्हतां?” भिंतींविषयींचा आमचा विनोद आम्हांस आठवला, तो तेथें सांगण्याजोगा नव्हता. आम्हीं चूक कबूल केली. मग त्यांनीं कलमें क्रमानें वाचलीं. पांचव्या कलमापाशीं त्या थांबल्या, वर पाहिलें, पुन्हा खालीं पाहिलें, आणि म्हणाल्या, “हें आपण आपणहून लिहिलें आहे?” होय म्हटल्यावर त्यांनीं कांहीं एक शेरा न मारतां फेरतपासणीचा हुकूम लिहिला. तथापि त्यानंतर पुढच्या खोलीविषयीं त्यांनीं आम्हांस एकहि शंका विचारली नाहीं, एवढें आमच्या ध्यानांत राहिलें.

फेरतपासणीस तेच निरीक्षक आले. मनांत आम्हीं त्यांस बरेंच कांहीं ऐकविण्याची तयारी केली होती. पण उन्हांतून सायकलीवर आलेला, कांखेंत नोंदवहीचें बाड घेतलेला तो गृहस्थ पाण्याचा तांब्या रिकामा करून म्हणाला, “साहेब, पाटी पाहिली तें लिहिलें. वर जिन्यांत रंगाचे डबे होते, विचारावयास कोणी नव्हतें.” त्याचें म्हणणें खरें होतें. त्यानें चूक केली होती. पण ती करावयास लागणारी सर्व सामग्री आम्हींच त्याच्या पुढें मांडून ठेवली होती.

महिन्याभरांत लेखी निर्णय आला. पुढची खोली निवासी झाली; पडवी पडवीच्या दरानें धरली; गच्चीवरची खोली वाढली; कर भोगवटापत्राच्या तारखेपासून लागूं झाला. पडवीस कर नसावा ही आमची विनंति मात्र अमान्य झाली. नवें करपात्र मूल्य २७,३२४ रुपये, वर्षाचा कर सुमारें १०,९३० रुपये. म्हणजे सालोसाल सुमारें २,६३५ रुपयांचा फरक पडला, आणि छप्पर नसलेल्या घराचा साडेपांच महिन्यांचा कर वाचला. खोली लपविली असती तर आणखी ७७८ वांचले असते काय, हा प्रश्न आम्हीं त्यानंतर स्वतःस विचारलेला नाहीं.

हा निर्णय आमच्याविरुद्ध गेला असता तर पुढें काय, हेंहि वाचकांस ठाऊक असावें. ह्याच अधिनियमाच्या ४०६ व्या कलमानें न्यायालयांत अपील करतां येतें. पण त्यास अटी आहेत : आधीं तक्रार केलेली असून तिचा निकाल लागलेला असला पाहिजे, अपील ठराविक मुदतींत झालें पाहिजे, आणि वादांतील कराची रक्कम आधीं भरलेली असली पाहिजे. ही शेवटची अट पुष्कळांस जाचक वाटते. अहमदाबादेंतहि हाच कायदा लागूं होता. तेथील एका गिरणीच्या दाव्यांत हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि अपिलाचा हक्क कायद्यानेंच दिलेला असल्यामुळें त्यास अशी अटहि कायदा घालूं शकतो, असा १९७५ सालीं निर्णय झाला. तेव्हां ज्यानें पहिल्या मुदतींत एक पान लिहिलें नाहीं, त्यास वरचें दार सहसा उघडत नाहीं. म्हणून तें पहिलें पान मोलाचें.

आमची हकीकत २००७ ची आहे. त्यानंतर पाण्याखालून बरेंच पाणी गेलें. मुंबईंत २०१० पासून भाड्याऐवजीं मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर आकारणी होऊं लागली. तेथें आमचा कल्पित भाडेकरू घर सोडून गेला आहे, परंतु माप आणि वापर हे दोन शब्द मागें ठेवून गेला आहे. पुण्यास मालक स्वतः राहात असल्यास १९७० पासून ४० टक्क्यांची सवलत असे. ती २०१९ सालीं थांबली आणि २०२३ सालीं पुन्हा सुरू झाली. पण कित्येकांस त्यासाठीं पीटी-३ नांवाचा अर्ज भरावा लागला. ज्यांनीं वेळेवर चौकशी केली नाहीं ते पूर्ण दरानें भरीत राहिले. नगरपालिकांच्या गांवीं कायदा निराळा, १९६५ चा आहे. तेव्हां आपल्या हातांतील नोटिशींत कोणता कायदा, किती दिवसांची मुदत आणि कोणतें क्षेत्रफळ, चटई कीं बांधीव, लिहिलें आहे तें प्रथम वाचावें. भोगवटापत्र तर जिवापाड जपावें. कारण अनधिकृत ठरलेल्या बांधकामावर मालमत्ताकराच्या दुपटीपर्यंत शास्ती बसविण्याची तरतूद कायद्यांत आहे, आणि आपलें घर त्यांतलें नव्हे हें दाखविणारा मुख्य कागद तोच. वादांत नसलेली रक्कम मुदतींत भरून टाकावी. भरतांना हरकत कायम असल्याचें लेखी कळवावें. आणि सर्वांत आधीं, मोजणीस येणाऱ्या माणसास घर दाखवावयास घरच्यांपैकीं कोणी तरी हजर असावें. त्या एका दिवसाच्या रजेनें आमचे पुढचे दोन महिने वांचले असते.

आप्पा आज नाहींत. त्यांचीं ही सर्व वाक्यें आम्हीं चिरंजीवांस ऐकविलीं, आणि त्यांनीं तीं शांतपणें ऐकून घेतलीं. परवां सकाळीं त्यांचा फोन आला.

“बाबा, नोटीस मंगळवारीं आली, पाकिटावर तारीख घालून ठेवली आहे. तुमच्याकडे ती जुनी टेप आहे ना? रविवारीं घेऊन या. गच्चीपासूनच सुरुवात करूं.”